सुकवारो बाईचं वजन

३ एप्रिल, गुरुवार

डायलिसिस युनिट, पहिला दिवस. शेवटच्या सेमिस्टरची शेवटची पोस्टिंग. इथली केस स्टडी आणि वाइवा पार पडला की मी डायटिशियन. आईनं डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या टाकल्या, "कोणी उपाशी असन तर देजो." दवाखान्यात कोण उपाशी राहते, म्हटलं. दुपारी मीच चारही खाल्ल्या. आईचे उपकार मोजत बसली तर वही संपन.

मॅडमनं केस दिली. (मॅडम म्हणजे इथल्या सीनियर डायटिशियन. केस पांढरे, आवाज कधीच चढत नाही.) पेशंट सुकवारो बाई, वय पंचावन्नच्या आसपास, रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या पलीकडचं गाव, सोमवार-गुरुवार मशीनवर. लघवी जवळपास नाहीच, म्हणजे पोटात गेलेलं पाणी अंगातच राहते. दोन पाळ्यांच्या मधात वजन दोन किलोच्या आत वाढावं. बाईचं साडेतीन वाढते. ते खाली आणायचं, हीच माझी केस.

मले "नोनी" म्हणते, म्हणजे पोरी. लई गोड बाई.

७ एप्रिल, सोमवार

सु.बाई वजनकाट्यावर: ३.४ वर. फॉर्म घेऊन बसली, आदल्या दिवशीचं सगळं खाणं-पिणं विचारलं. पाणी? "एके गिलास पीथंव, नोनी." चहा? अर्धा कप. डाळ? पातळ नाही. बेरीज मारली, सातशे मिलीच्या आतच. मग हे वजन येते कुठून?

चार्ट सुंदर बनवला, रंगीत पेनानं. मॅडम पाहून म्हणाल्या, "अक्षर छान आहे." फक्त अक्षर.

१० एप्रिल, गुरुवार

३.६.

माझं डोकं फिरलं. सगळ्या पलंगांवरचे ऐकून राहिले होते तरी बोलली, "बाई, झूठ मत बोलो. पानी पी रही हो, मशीन बता रही है." तिनं पदर डोक्यावर ओढला न् भिंतीकडे तोंड केलं. मी फाइलमध्ये लिहिलं: पेशंट खोटी माहिती देते, नॉन-कम्प्लायंट (म्हणजे सांगितलेलं पाळत नाही). खाली सही. डॉक्टरांनी ते वाचलं न् तेही तिले रागावले.

मॅडम सुट्टीवर. संध्याकाळी घरी येईपर्यंत मले वाटून राहिलं होतं की मी लई कडक डायटिशियन होणार.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सकाळपासून निळे झेंडे, बँड, खीर. मी ड्युटीवर. खरं तर खुशीत गेली होती, की आपल्या घरातली पहिली पोट्टी आज पांढरा कोट घालून निघाली. बाबांनी कोटाची कॉलर स्वतः सरळ केली.

सु.बाई आलीच नाही.

दहा वाजता मॅडमनं विचारलं, अकराला मी तिच्या मुलाले फोन लावला. "माँ नहीं आएगी मैडम. बोलती है, वहाँ सबके सामने मेरे को लबरी बोले हैं." लबरी म्हणजे खोटारडी. मी समजावलं, पाया पडते म्हटलं. त्यानं फोन आईकडे दिला, तिनं घेतला नाही.

मॅडमनं माझी नोट वाचली. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "आणखी एक पाळी चुकली तर पाणी फुप्फुसात जाईल," एवढंच म्हणाल्या.  मले भीती वाटून राहिली आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

हे नीट लिहून ठेवते.

पहाटे बाबा पहिल्या शिफ्टले निघायच्या तयारीत. प्लँटमधल्या छत्तीसगढी मित्रांसोबत राहून बाबांना उन्हाळ्यात बासी लागते: रातचा भात पाण्यात भिजवलेला, वर मीठ, कांदा. मोठं भांडं संपवलं, वरचं पाणी तोंडाले लावून गटागट पिलं, तोंड पुसलं न् आईले म्हणाले, "बाटली भर वं लवकर, सकाळपासून घोटभर पाणी नाही पेलो."

मी ब्रश हातात घेऊन उभीच.

"बाबा, आत्ता काय पेले तुम्ही?"

"काय पेलो? बासी खाल्ली."

मोजायचा कप आणला, तेवढ्याच दुसऱ्या भांड्यातल्या बासीचं पाणी गाळून मोजलं. सहाशे पन्नास मिली. आई म्हणे ही पोट्टी येडी झाली. येडीच होती मी! बावीस वर्षं रायपुरात काढली, घरात रोज बासी होते, न् एप्रिलच्या उन्हात गावच्या बाईले मी "पाणी किती पिता" विचारून राहिली. बासी खाता का, हे विचारलंच नाही. तिनं उत्तर खरं दिलं होतं.

मॅडमले फोन केला. म्हणाल्या, "मशीन रिकामं ठेवते. घेऊन ये."

बाबांनी शिफ्ट बदलून घेतली. एक शब्द विचारला नाही, गाडी काढली. सिलतरा मागे पडलं, पुढं झाडांच्या पानांवरही काळी धूळ. सु.बाई अंगणात खाटेवर, बसूनच होती कारण आडवं झालं की दम लागत होता. पाय सुजून चकाकत होते. मी पाय धरले. रस्ताभर पाठ केलेलं भाषण पार विसरली. "गलती मोर हे, दाई," एवढंच आलं. चूक माझी आहे, आई.

 ती धापा टाकत म्हणाली, "खाना खाए हस, नोनी?"

मी रडली. बाबा तिकडं गाडीची चेन पाहत बसले, चेनीले काही झालं नव्हतं.

मग विचारलं, बासी किती वेळा? दोनदा. सकाळी न् दुपारी. त्याचं पाणी? सगळं. "पण दाई, ते पाणीच तर आहे ना?" तर म्हणते, "बासी ल तो खाथन, पीथन थोरे!" बासी खातात, पितात कुठं. बाबांनी मान हलवली, त्यांनाही पटलं ते.

मुलानं ऑटो आणला. दुपारी मशीनवर लागली, चार तास. श्वास खाली बसला तसा माझाही.

आज ज्यांचे ज्यांचे आभार मानावे ते सगळे आसपासच आहेत. बाबा, मॅडम, मशीन चालवणारे भैया. आणि जी आमच्या दुचाकीचा आवाज ऐकून आत निघून जाऊ शकत होती, ती.

१७ एप्रिल, गुरुवार

बासी बंद करायची म्हणत होती मी. मॅडम म्हणाल्या, "काहून? लहानपणापासूनचं तिचं खाणं आहे. हिसकू नको, मोज." मग ठरलं: भात गाळून घ्यायचा, पाणी एक छोटी वाटी, ती दिवसाच्या हिशेबात धरायची, वरून मीठ नाही. सु.बाई मिठाचं ऐकून म्हणाली की मग तर बाळंतिणीचं जेवण झालं. युनिटमध्ये सगळे हसले. पुन्हा हसली ती, किती बरं वाटलं!

२१ एप्रिल, सोमवार

२.१. अजून दोनच्या आत नाही, पण बापरे, कुठं ३.६ न् कुठं हे!

मुलगा पिशवीतून कोल्ड्रिंकची जुनी मोठी बाटली काढतो. आत पांढुरकं, आंबलेलं पाणी. चार दिवसांचं गाळलेलं बासीचं पाणी बाईनं साठवून आणलं होतं. काही वाया गेलं, गाईनं पण पिलं, जे उरलं ते हे. "ले, नाप ले."

मी म्हटलं, दाई, काही गरज नाही, मले भरोसा आहे. तरी बाटली पुढं धरूनच. मोजल्याशिवाय ती पलंगावर गेली नाही. वास सगळ्या युनिटमध्ये. भैया नाकाले रुमाल लावून खिडकी उघडून राहिला. मले हसू नाही आलं.

२४ एप्रिल, गुरुवार

१.८!!

केस स्टडी लिहायला घेतली. दोन प्रकारे लिहिता येते. एक: बासीचं पाणी शोधून काढलं, वजन उतरलं, वाहवा. दोन: आधी काय केलं तेही. रेश्मा, माझी क्लासमेट, म्हणते, "पागल है क्या? वाइवा में धो डालेंगे. सेमिस्टर जाएगा." मॅडमले विचारलं. "खाली सही तुझी राहील. तूच ठरव."

आईले वाचून दाखवलं, दुसरं. तिले अर्धं समजलं नाही. "त्या बाईले समजन असं लिही," म्हणे.

लिहिलं.

२८ एप्रिल, सोमवार

१.९. आजच्या पाळीचा कागद भरून राहिली होती तर सु.बाई म्हणे, ते जे लिहिलं होतं माझ्याबद्दल, ते कुठं आहे? मले वाटलं विसरली असन.

फाइल उघडली. तिच्यासमोरच नवीन ओळ लिहिली न् हिंदीत वाचून दाखवली: पेशंटनं दिलेली माहिती खरी होती, विचारणाऱ्यानं अपुरं विचारलं. सही, तारीख. तिनं मान हलवली. मग बोट वर नेलं, बरोबर त्या जुन्या ओळीवर. वाचता येत नाही तिले, तरी. "अउ एला? मेटा दे."

पुसून टाकता येत नाही, दाई. फाइलमध्ये खोडायचा कायदा आहे: एकच रेघ, बाजूला सही. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, खालचं वाचता यायला पाहिजे. मी पट्टी ठेवून रेघ मारली.

तिनं फाइल डोळ्यांजवळ नेली, उजेडात धरली. 

"लकीर ह अब्बड़ पातर हे, नोनी."

बारीक आहे रेघ. हो.  पेन बंद केला न् तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं राहू दिला.

वाइवा बुधवारी. नाव झाकून त्या पानाची झेरॉक्स केस स्टडीले लावली आहे. दोन्ही ओळी वाचता येतात.