सावड आता तुझ्याकडे

पोशीर, शनिवार दुपार

प्रिय नम्रता,

फोन तू उचलत नाहीस, ग्रुपमधूनही बाहेर पडलीस, म्हणून हा कागद. आमच्या खळ्यावर पेंढ्याच्या ढिगाला टेकून लिहिते आहे. ऊन इतकं मऊ पडलंय की डोळे आपोआप मिटतात. समोर माथेरानचा डोंगर निळसर धुरकट दिसतोय, आणि तू इथे असतीस तर नक्की म्हणाली असतीस, लागली हिची तंद्री, आता पाना मागितला तर ही चमचा देईल. लागलीच आहे गं तंद्री. मघाशी डुलकीत मला तुझ्या पायडलचा आवाज ऐकू आला. जागी झाले तर शेजारचा बैल शेपटीने माश्या वारत होता.

आपलं कॉलेजच्या प्रोजेक्टचं यंत्र समोरच उभं आहे, अर्धवट. भात झोडायचं यंत्र, तीन डोकी आणि चार मतं. तुला ते पायडलवर हवं होतं, कारण डोंगराकडच्या शेतांपर्यंत दोन बायकांना ते उचलून नेता यावं. जितेशला इंजिन हवं होतं, कारण दिवसभर पाय मारून माणूस मोडतो. दोघांचंही बरोबर, हीच पंचाईत. मग तो रागात बोलून गेला की तुझ्या हट्टापायी तिघंही नापास होऊ, आणि तू पाना खाली ठेवून मोहोपाड्याला घरची वाट धरलीस. तू टीम बदलून मागितलीस हे मला सरांकडून कळलं. पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या तासाला तू माझ्या शेजारी येऊन बसलीस, तेव्हापासून मी एकटीने काही बनवलेलंच नाही. बनवावंसंही वाटत नाही.

तू कॉलनीत वाढलीस, तुला सावड ठाऊक नसेल. आमच्याकडे लावणी-कापणी अजून सावडीने होते. आज सगळे आमच्या शेतात, उद्या आम्ही सगळे शेजारच्या चांगोकाकांच्या. ज्याचं शेत, त्या दिवशी शब्द त्याचा. त्याने उलट्या टोकापासून कापायला सांगितलं तरी मुकाट तिथून कापायचं, आणि तेही स्वतःच्या शेतासारखं मन लावून. कुरकुर करायची ती संध्याकाळी, चहाबरोबर. पहिला विळा मात्र त्या घरच्या माणसानेच लावायचा, त्याआधी कुणी आत उतरत नाही. लहानपणी मी बांधावर आडवी पडून विळ्यांची सरसर ऐकत राहायची. माणसं आहेत तिथेच आहेत आणि शेतंच एकेक करून त्यांच्याकडे चालत येतात, असं मला वाटायचं.

म्हणून मी जितेशला म्हटलं, आपण सावड करू. तो हसला, पण तयार झाला. पहिली पाळी त्याची. मनातून मी तुझ्या बाजूची, तरी इंजिन बसवताना कुठे हात आखडला नाही. आणि खोटं कशाला बोलू, यंत्र झकास चाललं. दाणे असे उडाले की आई डोक्यावर पदर घेऊन लांब पळाली. मग ते पलीकडच्या शेतात न्यायला निघालो. चौघांनी धरलं होतं, तरी बांधाचा कोपरा ढासळला आणि जितेश यंत्रासकट खाली बसला. अंगभर पेंढा, चेहरा गंभीर. तू ते बघायला हवं होतंस.

काल संध्याकाळी चहाला त्याने वजनाचं कबूल केलं. पायडलने माणूस दमणार, हे मात्र तो अजून म्हणतोच. त्याचं मत बदललंय असं समजून येऊ नकोस. पण आज सकाळी त्याने स्वतः इंजिन उतरवलं आणि तुझं पायडल, साखळी, बेअरिंगं पुसून गोणपाटावर ओळीने मांडली. मी लगेच पान्याला हात घातला, तर त्याने माझं मनगट धरलं.

"तिचं शेत हाय ते, हर्षला. ती नाय आली तर आपण उतरायचं नाय."

खरं तर एवढंच सांगायला पत्र लिहायला बसले होते. सरांना टीमचं सोमवारी कळवायचंय, म्हणजे मध्ये उद्याचा एकच दिवस आहे. आणि उद्या सावड तुझ्याकडे आहे, नम्रता. मोहोपाड्याला जातो म्हणून जितेश फटफटीला टेकून केव्हाचा या कागदाची वाट बघतोय. त्याला माफी मागायची आहे आणि ती त्याला मागता येणार नाही, तेव्हा दारात नुसता उभा राहील. त्याला पाणी दे. तुझा पाना तू ठेवला होतास तिथेच आहे, मी हलवू दिलेला नाही. टीम सोडायचीच असेल तर ते चहाच्या वेळी सांग, मी ऐकेन. पण सकाळी ये, आणि कुठल्या टोकापासून सुरुवात करायची तेवढं आम्हाला सांग.

बांधावर थांबलेली,
तुझीच
हर्षला