कानावर हात

मिस्त्री, काल गंगापूर रोडच्या दवाखान्यात माझ्या कानाला मशीन बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, चार-पाच वर्षं आधी यायला हवं होतं." मी म्हटलं, मला तर येत होतं ऐकू. मागे सून उभी होती, ती हसली. त्या हसण्यावरून तुमची आठवण झाली, आणि ती काही प्रेमाने झाली नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आता धड आठवत नाही. आठवतो तो रेझिनचे थेंब सुकून कडक झालेला खाकी शर्ट, आणि कुणी काही बोललं की मान उजवीकडे कलती करून "आं?" म्हणायची तुमची तऱ्हा. शेडमध्ये आम्हा सगळ्यांना ती ऐट वाटायची. विमानाच्या कारखान्यात काम करून आलेला माणूस, तो कशाला पहिल्या हाकेला ओ देईल, असं आम्ही म्हणायचो आणि तुमच्या पाठीमागे मान तिरकी करून एकमेकांना दाखवायचो.

सातपूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी कापड कापायला लागले तेव्हा माझी थोरली पहिलीत होती. त्याआधी मी घरी ब्लाउज शिवायचे. कात्री हातात बसलेली आहे, एवढ्यावर शेठने मला घेतलं. कापड म्हणजे काचेच्या तंतूंचं. ते साच्यात अंथरायचं, त्यावर रेझिन, म्हणजे सुकल्यावर दगड होणारा चिकट रस, चोपडायचा, रोलरने दाबायचं, मग वर दुसरा थर. सगळं धरलं, कडक झालं की होडी. नाशिकला समुद्र नाही तरी आम्ही होड्या बांधायचो, धरणावर फिरायच्या, मासेमारीच्या, आणि माझ्या भावांना याचं फार हसू यायचं. संध्याकाळी मनगटं आणि मान नुसती खाजायची. गरम पाण्याने अंघोळ केली तर काच आत जाते, आधी गार पाणी घ्यायचं, हे तुम्हीच मला सांगितलंत. तेवढं तुमचं मानते. पण चहाच्या वेळी तुमचा कप वेगळा, खिळ्याला टांगलेला, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. एकदा मी तो धुवायला घेतला तर तुम्ही म्हणालात, "राहू दे बाई, तुझ्या हाताला काच आसती." तुमच्याही हाताला असायची, मिस्त्री. सगळ्यांच्याच असायची. ती काच होती की दुसरं काही, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि न विचारताच उत्तर ठरवून टाकलं. हातचं पाणी नाकारलं जाण्याची आमच्या कॉलनीतल्या बाईला तेवढी सवय असते.

रेझिनचा वास डोक्यात जायचा, म्हणून मी नाकातोंडावर पदर घट्ट बांधायचे. त्यावरून तुम्ही मला किती बोललात. "तोंडावरचा पदर काढ आधी, मंग बोल. रीत हाय का काय?" सगळ्यांसमोर. पुरुष रुमाल बांधायचे, त्यांनाही तुम्ही तसंच बोलायचात, पण ते हसण्यावारी न्यायचे, मला मात्र ते लागायचं. तुम्हाला माझे ओठ दिसायला हवे होते, ही साधी गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली.

ती कळली ती पिशवीमुळे. मोठ्या होडीच्या तळाला दोन थरांच्या मध्ये फोम घालायचा होता, आणि तो नुसता हाताने दाबून सगळीकडे सारखा चिकटत नाही. म्हणून तुम्ही ती विमानवाल्यांची युक्ती आणलीत. ओल्या थरावर फोम, त्यावर नायलॉनचं कापड, हवा फिरायला गोणपाट, आणि सगळ्यावर प्लास्टिकचा मोठा कागद, कडा कणकेसारख्या चिकट लांबीने बंद केलेल्या, हीच ती पिशवी. द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्याकडचा जुना पंप भिंतीपलीकडे बसवला. तो आतली हवा ओढायला लागला की प्लास्टिक आवळत आवळत फोमच्या अंगाला बसायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातलं काम सोडून बघत राहिले, हे कबूल करते. पण कडेला टाचणीएवढं भोक राहिलं तरी हवा आत शिरते, तेवढ्या जागी फोम दाबला जात नाही आणि होडी तिथे पोकळ राहते. बारीक गळतीला पंपाजवळचा दाबाचा काटा हलतही नाही. ती कानानेच शोधायची, आणि रेझिन धरायच्या आत, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात.

पंखे बंद, रेडिओ बंद, सगळे गप, आणि तुम्ही हातभर रबरी नळी एका कानाला लावून दुसरं टोक कडेवरून फिरवताय, हे मला आत्ताही दिसतं. डोळे मिटायचे, श्वास धरायचा, घाई करायची नाही, असं तुम्ही मला शिकवलंत. मला सुईच्या आवाजाची सवय, मशीनचा दोरा कुठे अडतोय ते मी न बघता सांगायचे, त्यामुळे मला ते लगेच जमलं. एकदा तुम्ही एका जागेवरून तसेच पुढे गेलात आणि मला तिथे सरळ सरळ सूं ऐकू येत होतं. मी तिथे बोट ठेवलं. तुम्ही माझ्या बोटाकडे पाहिलंत, परत फिरलात आणि मोठ्याने म्हणालात, "हां, हितं गळतंय. लांबी आणा." त्या दिवसापासून आपली रीतच पडली. तुम्ही नळी फिरवायची, मी समोरून चालायचं, बोट ठेवायचं, आणि तुम्ही "हितं" म्हणायचं. त्या खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा झाली. मी नेहमीसारखी दाराशी उभी. सगळ्यांना पेढा वाटून झाल्यावर तुम्ही पाटावरची नळी उचललीत, तिला झेंडूची पाकळी चिकटलेली होती, आणि माझ्या हातात दिलीत. "धर, ठेव तुझ्याकडं. मला काय उपयोग तिचा." मला वाटलं टाकाऊ वस्तू दिली. त्यानंतर तुम्ही नळीशिवाय, नुसते वाकून ऐकायचात, म्हणजे ऐकल्यासारखं करायचात.

मग धरणाकडचे दोन साहेब काम बघायला आले, सफारी घातलेले. शेठ त्यांना पिशवी दाखवत होता. त्यांतला एक म्हणाला, गळती सापडते कशी? नळी माझ्या हातात होती. मी पदर खाली करून म्हटलं, "मी ऐकते." एवढंच. साहेब माझ्याकडे बघून हसले, चांगलं हसले. तुम्हाला ते नुसतं दिसलं. "काय म्हणती ही?" शेठ तुमच्या कानाशी ओरडला, "बाई म्हणते, गळती तीच शोधते." त्यावर तुमचा चेहरा कसा झाला ते मी अजून विसरले नाही. "ही?" तुम्ही म्हणालात. "ही कापड कापती. उद्या म्हणंल होडी बी मीच बांधली. जा गं, कात्री घे हातात." सगळी शेड हसली. मी गेले आणि कात्री हातात घेतली, आणि दिवसभर एक रेघ सरळ कापली गेली नाही.

चार दिवसांनी त्याच साहेबांच्या होडीचा तळ होता. पिशवी बसली, पंप चालू झाला, पंखे बंद झाले. तुम्ही मागच्या डाव्या कोपऱ्याशी वाकलात आणि मला सूं ऐकू आलं. नळीची गरजही नव्हती. दोन पावलांवरून येत होतं. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. मी पदर नीट करत होते. तुम्ही सगळी कड फिरून पुन्हा त्याच कोपऱ्याशी आलात आणि पुन्हा पाहिलंत, या वेळी जरा जास्त वेळ. माझं बोट कात्रीच्या कडीत होतं, ते मी तिथेच ठेवलं. कानाडोळा करणं म्हणतात ना, ते माझ्या कानाने आणि डोळ्याने एकदमच केलं. तिसऱ्यांदा तुम्ही पाहिलं नाहीत. "गप हाय," म्हणालात, आणि पंखे लावायला सांगितलंत. अर्ध्या तासाने रेझिन धरलं. मला त्या दिवशी घरी जाताना फार बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

साहेब होडी न्यायला आले तेव्हा तुम्ही खिशातून रुपया काढलात. नाणं आपटून दाखवायची तुमची पद्धत. भरीव जागी टक टक वाजतं, पोकळ असेल तिथे ढप. तुम्ही पुढून सुरुवात केलीत, टक टक टक, साहेब माना हलवताहेत, आणि मी मागे उभी राहून तो कोपरा किती हात लांब आहे ते मोजत होते. त्या कोपऱ्यावर नाणं ढप वाजलं. पुन्हा ढप. तुमचा हात थांबला नाही. तुम्ही साहेबांकडे बघून हसलात आणि म्हणालात, "ऐका, कसं भरीव वाजतंय." ढप, ढप. शेडमध्ये कुणी हललं नाही. हसलंही नाही, त्या दिवशी नेमकं कुणी हसलं नाही. शेठने पुढे होऊन तुमचा हात धरला तेव्हा तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागलात, आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडे. मला वाटलं होतं तुमची थोडी जिरेल. एवढंच वाटलं होतं. माणूस सगळ्यांदेखत असा उघडा पडेल, हे मनात नव्हतं.

तळ कापून काढला, दुसरा बसवला. तुम्ही आठवड्याभरात शर्ट नेलात, कप खिळ्यालाच राहिला. पिशवीचं काम शेठने मला दिलं. कानामागून आली अन् तिखट झाली, असं लोक म्हणाले, आणि त्यांना ठाऊकही नव्हतं की ते किती खरं बोलताहेत. पुढे किती तरी वर्षं मी त्या शेडमध्ये गळत्या शोधल्या, नव्या पोरींना श्वास धरायला शिकवलं, आणि कुठून शिकलात असं कुणी विचारलं तर एका मिस्त्रीकडून, म्हणायचे. पुढे काही नाही.

तुम्ही घरी आलात ती दुपार मात्र मला पुसता येत नाही. कामावरून जाऊन तुम्हाला दोन-तीन महिने झाले असतील. सुट्टीचा दिवस, मी स्टोव्ह पेटवत होते, आणि दारात तुम्ही. द्वारकापासून सायकल हातात धरून चालत आला होतात, मागून ट्रकचा हॉर्न कळत नाही म्हणून. कुणी विचारलं नसताना हे तुम्हीच सांगितलंत. पाणी दिलं, ते प्यालात. चहा दिला, आमच्या कपात, तो घेतलात. इतके दिवस ज्या गोष्टीचा मला राग होता ती अशी झटक्यात झाली आणि मला तिचा आनंद घेता आला नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत म्हणालात, "येक इचारतो. त्या दिवशी तुला ऐकू आलती का? तुझे कान चांगले हायेत. तुला आली नसंल तर मंग नव्हतीच. मंग माझं काय चुकलं नाय."

स्टोव्ह धुरावला होता, मी पदर तोंडावर धरला होता. या वेळी तुम्ही मला तो काढायला सांगितलं नाहीत. मी मान हलवली, नाही. तुम्ही डोळे मिटलेत, "तेच म्हणतो मी," म्हणालात, चहा संपवलात, मोरीत जाऊन कप स्वतः विसळलात आणि आमच्या कपांच्या रांगेत ठेवलात. सात-आठ महिन्यांनी तुम्ही गेल्याचं कळलं. मी आले नाही. पुढे मी मनाला समजावलं की म्हाताऱ्या माणसाला समाधान दिलं, बरं केलं. बरं कसलं, मिस्त्री. पिशवीचं काम हातात होतं, ते जाईल अशी भीती होती, आणि कात्रीचं ते हसणं अजून अंगात होतं. तुम्ही मला शिकवलंत आणि तुम्हीच मला सगळ्यांदेखत खाली बसवलंत. यातलं एक दुसऱ्यातून वजा होत नाही, मी पुष्कळ करून पाहिलं.

हा कागद मशीनच्या डबीत घडी करून ठेवणार आहे, तिथे रबरी नळी मावत नाही, नाहीतर तीही ठेवली असती. फक्त एक गोष्ट राहिली. तुम्हाला मान हलताना दिसली ती खरी, पण पदराआड मी "हो" म्हटलं होतं. चांगलं मोठ्याने, दोनदा. तुम्ही सायकल घेऊन गेल्यावर आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "हो, हो कशाला म्हणत होतीस गं त्यांना?" मी म्हटलं, काही नाही, चहा आणखी आहे का विचारत होते.