‘लोंबी’चा अंक

कामशेत, ५ जून २०२५

चि. अनितास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोन मुद्दामच केला न्हाई. बोलता बोलता मला रडू येतं आन् तू समजूत काढत बसतीस. आपल्या भातवाल्या बायकांच्या संघाची ‘लोंबी’ पत्रिका आता छापायची न्हाई, फोनवरच धाडायची, असं मीटिंगीत ठरलं आन् काम तुला दिलं. इतकी वर्षं अंकांचा गठ्ठा काखेत मारून गावोगाव मी फिरले. दारोदारी मला चहा, बातमी आधी मला. आता बाया म्हणतात, अनिताताईनं अंक पाठवला, लय छान. लहानपणी तुला नवा परकर यायचा तवा माझ्या पोटात दुखायचं, तसंच दुखतंय. घरी समदी खुशाल असतील. माया हायेच, या महिन्यात जरा कमी समज.

तुझी अक्का, नंदाबाई

लोणावळा, १२ जून २०२५

ती. अक्कास अनिताचा सा. नमस्कार.

पत्र वाचून हसले, मग रागावले. अंक पाठवला की फोनवर वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात, पुढे एक अक्षर येत नाही. लोणावळ्याच्या बाजारात बायका विचारतात, नंदाबाई हल्ली का येत नाहीत? माझा अंक कसा झाला, हे कुणी बोलत नाही. मलाही तुझा हेवा वाटतो. नवलाख उंबरे गावच्या रतनबाईंकडे फोन नाही, म्हणून एक प्रत छापून सोबत पाठवतेय. तूच नेऊन दे, त्या तुझी वाट बघत असतील. राग उतरला नाही तरी लिहीत जा.

तुझी अनिता

कामशेत, २० जून २०२५

चि. अनितास आशीर्वाद.

गेलते. तोऱ्यातच गेलते. रतनबाई ओट्यावर बसलेली, शेजारणीचा फोन कानाशी, आन् फोनातून तू अंक वाचत होतीस. आवाज भरून पाठवतीस, हे मला बोलली न्हाईस. मी प्रत पुढं केली तर म्हणाली, ठेव तितं, हे संपू दे. मग म्हणाली, अक्षर दिसंना होऊन लय दिवस झाले, पण तू दमून यायचीस, तुला वाचायला कुटं सांगू. वर म्हणाली, अनिताचा आवाज थेट तुमच्या आईचा. आई गेल्यापास्नं तो आवाज मी आठवून बघते, आठवंना, आन् तो तुझ्या गळ्यातून निघावा. येताना एसटीत जीव नुसता जळत होता.

रविवारी येते. आवाज भरायला मलाबी शिकव. बाकीचा अंक तू वाच, नवलाख उंबऱ्याची बातमी मी वाचणार. रतनबाईला कुणाचं वाचन आवडलं, ते मीच जाऊन विचारीन. तू विचारायचं न्हाई.

तुझी अक्का