‘माफ’भोवती लाल गोल

हर्नडन, अमेरिका, ४ नोव्हेंबर २००७

ती. रत्नाताईस, सा. न. वि. वि.

चार महिने पत्र नाही, रागावू नकोस. कामाचं कारण सांगणार होतो. ते खरं नाही.

ऑफिसमधला एकजण मला त्याच्या चर्चमध्ये सिनेमे बघायला नेतो. तीन पाहिले. तिन्हींत मुलगा रुसलेला, बाप हॉस्पिटलमध्ये, शेवटी मुलगा माफ करतो आणि दोघं रडतात. मीही रडलो. शेजारी शुभा म्हणाली, की पॉपकॉर्न भिजतंय.

घरी येऊन अण्णांना लिहिलं, की माझ्या लग्नाला तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलं आहे. पाच आठवडे झाले. फोन केला की ते झोपलेले असतात. सोळा वर्षं निदान हवापाण्याचं तरी बोलत होतो. एकदा मन मोठं केलं तर हे. काय झालंय, कळव.

लोभ आहेच, तो राहू दे.
गिरीश

नागपूर, १९ नोव्हेंबर

चि. गिरीशला अनेक आशीर्वाद.

अण्णा झोपलेले नसतात, तुझा फोन आला की आडवे होतात. मास्तरच ते, तुझं पत्र लाल पेनाने तपासलं. दोन ऱ्हस्व-दीर्घ, आणि ‘माफ’भोवती गोल. म्हणाले, की फी माफ होते, दंड माफ होतो; बाप माफ होतो हे उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, की गिऱ्याने लग्नाची पत्रिका टपालाने पाठवली आणि खाली निमंत्रक म्हणून माझंच नाव. माझं आमंत्रण मलाच पोस्टमनने दिलं.

मलाही हे आत्ता कळलं. तुला वाईट वाटलं, हे तू त्यांना कधी सांगितलं होतंस, की एकदम निकालच?

शुभाला आशीर्वाद. असाच जीव लावत राहा.
तुझी ताई

हर्नडन, २ डिसेंबर

ती. ताईस, सा. न.

आधी चिडलोच, तुझ्यावरही. मग आठवत बसलो. पत्रिका हातात द्यायला मी मुंबईहून निघालो होतो. वर्ध्याला उतरलो, स्टेशनवरच्या पेटीत टाकली आणि परत फिरलो. मुलगी स्वतः ठरवली हे त्यांच्यासमोर उभं राहून सांगायची हिंमत नव्हती. हे शुभालाही माहीत नाही. ते आले नाहीत तेव्हा मला वाईट वाटलं, की सुटल्यासारखं? अजून ठरवता येत नाही.

चौथ्या सिनेमाचं बोलावणं आलं. नाही म्हणालो, आणि तिथेही खोटं कारण सांगितलं.

माया असू दे.
गिरीश

उद्या: अण्णांना पत्र. वर्ध्यापासून सुरुवात.