बाराव्या बाळाच्या जन्मदाखल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
लोकसंख्या अंदाज व जन्मनोंदणी विभाग,
विभागीय कार्यालय.

विषय : अंदाजापेक्षा जादा जन्मलेल्या बाळास दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपली खुलासा मागणारी नोटीस, दि. ११ नोव्हेंबर.

महोदय,

मी या विभागातील प्रसूतिगृहात छत्तीस वर्षे परिचारिका आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी आपल्या कार्यालयाने नव्वद बाळे अपेक्षिली होती, झाली एकशे चाळीस. तेव्हाही मला खुलासा विचारला होता. सोबत लहान कुटुंबाची पोस्टरे आली. ती मी इमाने इतबारे भिंतीवर चिकटवली. त्यांच्याच खालच्या बाकावर बसून बायका नंबर लावत.

यंदा आपला नवा अहवाल आला. गेल्या पन्नास वर्षांत देश दुप्पट झाला, पुढच्या साठांत निम्मा होईल, आणि आमच्या विभागात या वर्षी अकरा जन्म होतील, असे त्यात आहे. त्यानुसार दाखल्याचे अकराच कोरे फॉर्म आले. ते सप्टेंबरात संपले.

दि. ३ ऑक्टोबर रोजी सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी बारावी मुलगी जन्मली. वडील घड्याळे दुरुस्त करतात, त्यामुळे वेळेबाबत शंका नसावी. ते मुलीला घेऊन आपल्या कार्यालयात गेले. तेथील लिपिकांनी तक्ता क्रमांक चार उघडून सांगितले, "आकडा बरोबर आहे. बाळ जादा आहे." जन्म पुढल्या वर्षात दाखवावा, तिथे सात जागा मोकळ्या आहेत, असेही त्यांनी सुचवले. मुलीची आई मागेच उभी होती. ती म्हणाली, "नऊ महिने मी मोजलेत, तुम्ही नाही."

याच सुमारास मुलीने टेबलावर आपले अस्तित्व सिद्ध केले. तक्ता क्रमांक चार भिजला, त्याबद्दल दिलगीर आहे. मात्र त्यामागे माझी फूस होती, असे नोटिशीत म्हटले आहे, ते खरे नाही.

यानंतर प्रकरण गंभीर झाले. दाखला नाही म्हणून लसीकरण केंद्राने मुलीला दोनदा परत पाठवले. दुसऱ्या वेळी तिची आई माझ्या खोलीत येऊन नुसती बसून राहिली. छत्तीस वर्षांत मी पुष्कळ रडणे ऐकले आहे, पण न रडणारी बाई मला बघवत नाही. म्हणून मी कोऱ्या कागदावर स्वतः दाखला लिहिला, प्रसूतिगृहाचा शिक्का मारला आणि शिक्क्याच्याच शाईत मुलीच्या पावलाचा ठसा घेतला. केंद्रातल्या सिस्टरने तो पाहिला आणि सुई भरली. मुलगी इतकी ओरडली की तिच्या असण्याबद्दल रांगेत कुणालाही संशय उरला नाही.

हा अधिकार मला नव्हता, हे मान्य. कारवाई करावी. परंतु तेरावे व चौदावे जुळे निघाले असून त्यांनाही मी असेच दाखले दिले आहेत. अकराव्यानंतर थांबा, असे पोटातल्यांना कळवण्याची सोय आमच्याकडे नाही.

तरी कोरे फॉर्म त्वरित पाठवावेत. किती, ते कृपया विचारू नये. बाहेर दोघींना कळा सुरू झाल्या आहेत, म्हणून अर्ज आवरता घेते.

आपली नम्र व सध्या घाईत असलेली,
(सही)
मुख्य परिचारिका, प्रसूतिगृह
दि. १९ नोव्हेंबर

सोबत :
१. हस्तलिखित दाखल्यांच्या प्रती – तीन
२. पावलांचे ठसे – तीन (जुळ्यांपैकी एकाने पाय आखडल्याने ठसा अर्धा आहे, बाळ पूर्ण आहे.)