कुलूप आणि बदकचाल

३ मार्च, मंगळवार
दाराला बाहेरून कुलूप लावून आम्ही रोज आईला घरात कोंडून जातो. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिलं. लिहिल्यावर वाचवेना.

आज कारखान्यात अग्निशमन दलाचे साहेब आले होते. आम्ही सोफे बनवतो, म्हणजे चहूकडे फोम आणि कापड. त्यांनी फोमचा तळहाताएवढा तुकडा अंगणात पेटवला. आम्ही खिदळत होतो. काळा धूर उठला तसे सगळे मागे सरकलो. म्हणाले, "जाळ नंतर पोचतो, धूर आधी. घरी गेल्यावर एकच बघा – दार उघडतं का?"

घरी आलो. बघितलं. आतून उघडत नाही!

(अग्निशमन – नि ऱ्हस्व. कारखान्यातल्या फलकावर दीर्घ आहे. बोललो नाही.)

४ मार्च, बुधवार
दादाशी कडाक्याचं भांडण. "मागच्या महिन्यात ती बस डेपोत सापडली. एका पायात चप्पल! विसरलास? काढ कुलूप. गाडीखाली आली की तूच जा ओळख पटवायला."

त्याचं खोटं नाही. म्हणूनच जास्त राग आला.

आई मध्येच म्हणाली, "भांडू नका रे. येतीलच तुमचे आईबाबा न्यायला." पाळणाघरात मुलं सांभाळण्यात तिने अख्खा जन्म काढला. डोक्याने अजून तिथेच आहे.

६ मार्च, शुक्रवार
जे माझ्या हातात आहे ते आधी. निघताना गॅस रेग्युलेटरपासून बंद. शेगडीजवळचा पडदा कापून आखूड केला. एकाच बोर्डात इस्त्री, हीटर, पंखा – वेगळे केले. कढईच्या मापाचं झाकण शोधून शेजारीच टांगलं. तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, झाकायचं. दादाचा मोबाइल उशीखाली चार्जिंगला होता. हात लावला तर तापलेला! उचलून फरशीवर ठेवला.

दादा म्हणाला, "बंब्या, मी श्वास घेतला तर त्यावरही पाणी मारशील का रे?"

हसू आलं. पण हसलो नाही.

कुलूप तसंच.

८ मार्च, रविवार
आईला शिकवलं. धूर दिसला की खाली वाक. दाराला हाताची मागची बाजू लावून बघ. गार असेल तर उघड, बाहेर पड, मागे ओढून घे. "हो, हो," म्हणाली. चहा झाल्यावर विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही विकायलाच आलोय. पुन्हा शिकवलं. पुन्हा. शेवटी रडली.

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सोडणार नाही.

९ मार्च, सोमवार
काम सुटल्यावर अग्निशमन केंद्रात गेलो. साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "डोक्यात शिरत नसेल तर हातापायांत घाला. रोज तेच, त्याच जागी. आणि कुलूप काढाच. दाराला घंटा बांधा, समोर कान देणारं कुणी बघा."

१० मार्च, मंगळवार
समोरच्या खोलीतल्या शिवणमावशींना विचारलं. त्या दिवसभर मशीनवर असतात. "अरे, जन्मभर ही खडखडच ऐकतेय. घंटा ऐकू दे की! पण तुझी आई परत मला 'डबा संपव' म्हणाली ना, तर संपवणार नाही हं!"

पितळी घंटा लावली. दादाने दाराची उघडझाप करून करून बघितली. "एक आठवडा. ती जिना उतरली की कुलूप परत."

कबूल!

१२ मार्च, गुरुवार
सापडलं!!

आज शिकवून शिकवून थकलो आणि फतकल मारून खालीच बसलो. म्हटलं, "मला भीती वाटते गं. धूर झालाय." सगळं नाटक नव्हतं. आई ताडकन उठली. माझं मनगट धरलं. "रडायचं नाही हं. बदक व्हा बघू. खाली, अजून खाली." आणि दोघं बदकासारखे दाराशी! दाराला तिने हाताची मागची बाजू लावली – तेवढं कधीतरी मुरलं होतं. घंटा वाजली. बाहेर आल्यावर तिने दार ओढून घेतलं आणि माझं नाक पुसलं.

मी उलटंच शिकवत होतो. तिला कुणी बाहेर काढायचं नाही. तिने कुणाला तरी बाहेर न्यायचं.

१७ मार्च, मंगळवार
रोज कामाला जाण्याआधी बदकचाल. वरच्या मजल्यावरचे जिन्यात थांबून बघतात. "काय, आज फौज कुठे?" विचारू देत.

आठवड्यात आई दोनदा एकटी बाहेर आली. दोन्ही वेळा मावशींनी आत बसवून बटणं निवडायला दिली. जिना उतरली नाही.

कुलूप दादाने सायकलला लावलं.

२६ मार्च, गुरुवार
ताप. कामाला गेलो नाही. दादा घाईत गेला. आई पलंगाशी बसून थोपटतेय, कुणाला ते तिलाच माहीत. गोळी घेतली. अक्षर वाकडं येतंय. आज बदकचाल राहिली.

२७ मार्च, शुक्रवार
मावशींच्या खोलीत बसून लिहितोय. काल आमची आतली खोली जळाली. दादाने त्याचा जुना मोबाइल गादीवर चार्जिंगला टाकला होता. कालपासून तो भिंतीकडे तोंड करून बसलाय.

मी बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर गोळीच्या गुंगीत होतो. मला फक्त मनगट ओढलेलं आठवतं, आणि "खाली, अजून खाली." घंटा ऐकून मावशी धावल्या तर आई वाकून बाहेर येत होती. मागे गुडघ्यांवर मी. दार तिने ओढून घेतलं.

बंब आला. तेच साहेब. आईने माझं मनगट त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, "कुणाचा आहे ठाऊक नाही. पण आधी याच्या आईला कळवा. ती काळजीत असेल."