राणीचं ओरडणं

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. मोतीबिंदूचं ऑपरेशन तू परत पुढे ढकललंस म्हणे? दादाने सांगितलं. का गं?

काल आमच्या स्टुडिओत ग्रासिएला रेकॉर्डिंगला आल्या होत्या. सत्तरीच्या आहेत, मूळच्या मेक्सिकोच्या. सिनेमात त्यांना उभ्या आयुष्यात मोलकरणीचीच कामं मिळाली. मग एका कार्टूनमधल्या रागीट राणीला त्यांनी आवाज दिला आणि लॉस एंजेलिसमधली पोरंसोरं त्यांना ओळखायला लागली. राणीचं ते ओरडणं म्हणजे थेट त्यांची आई!

"तुझी आई कशी ओरडते? करून दाखव," त्या मला म्हणाल्या.

मी हेडफोन काढून ठेवला, तुझ्यासारखा कमरेवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि आवाजच आठवेना. इतकी वर्षं फोनवर तू माझ्याशी नुसतं गोड बोलतेस, पाहुण्यांशी बोलावं तसं.

रविवारी फोन करते. व्हिसाचं अडलंय, या दिवाळीलाही यायला जमणार नाही. तेव्हा "असू दे बाळा, सावकाश ये" म्हणू नकोस.

चांगली ओरड मला.

तुझीच,
शर्वरी